थाळनेरच्या वाटेवर

सुट्टीचा एक दिवस हाताशी आला की जळगावची माणसं अजिंठ्याला जातात, पाटणादेवीला जातात. ते योग्यच आहे. पण आपल्या मुलुखाचा इतिहास एका दिवसात पाहायचा असेल, तर मी वेगळी वाट सुचवीन: जळगाव, धरणगाव, अमळनेर, बेटावद, नरडाणा, शिरपूर, थाळनेर आणि चोपड्यावरून परत. गेल्या हिवाळ्यात मी या वाटेने गेलो. दोन्ही बाजूंना कापूस आणि केळी, सोबतीला तापीचं खोरं.

महाबळ, रिंग रोडकडचे बंगले मागे पडले की तासाभरात धरणगाव येतं. बालकवींचं हे जन्मगाव. १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने भिल्लांची पलटण उभारली, तिचं ठाणंही इथंच होतं. इंग्रजांना खानदेश सहज पचला नव्हता, याची ही पहिली खूण.

पुढे अमळनेर. साने गुरुजी इथं शिक्षक होते. आणि इथंच १९४५ मध्ये मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी वनस्पती तुपाची कंपनी काढली. खानदेशातला भुईमूग हाच तिचा आधार. हीच कंपनी पुढे विप्रो झाली. ज्या अमळनेरकरांनी तिचे शेअर विकले नाहीत, त्यांच्या घरात पिढ्यांना पुरेल इतका पैसा आला. एका मुसलमान व्यापाऱ्याच्या उद्योगाने हिंदू-मुसलमान, शेतकरी-दुकानदार सगळ्यांची घरं उभी केली. ही गोष्ट आपल्या मुलांना किती जणांनी सांगितली आहे?

बेटावद, नरडाणा करत आपण आग्रा महामार्गाला लागतो. तापीचा पूल ओलांडला की शिरपूर. रुंद रस्ते, महाविद्यालयं, नव्या वसाहती. तिथून थाळनेरचा फाटा घेतला की रस्ता अरुंद होतो आणि काळ सहाशे वर्षं मागे जातो.

आज थाळनेर तापीकाठचं एक साधं गाव आहे. पण खानदेशची पहिली राजधानी ती हीच. १३७० च्या सुमारास फिरोजशाह तुघलकाने मलिक राजाला हा भाग जहागीर दिला. दिल्ली दुबळी झाल्यावर तो स्वतंत्र झाला. स्वतःला हजरत उमर फारूक यांचे वंशज म्हणवणारं हे घराणं, म्हणून फारुकी. मलिक राजा १३९९ मध्ये वारला. त्याचा मुलगा नासिर खान याने असिरगड घेतला आणि बुऱ्हाणपूर वसवलं. शहराला स्वतःचं नाव दिलं नाही, खुलदाबादचे सूफी बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचं दिलं. गुजरातच्या सुलतानाने नासिरला ‘खान’ ही पदवी दिली आणि तिच्यावरून खानदेश, अशी एक व्युत्पत्ती. काही अभ्यासक ‘कान्हदेश’ म्हणतात. वाद चालू राहो; दोन्ही नावं याच मातीतली आहेत.

या घराण्याच्या पहिल्या चार राजांच्या कबरी थाळनेरला आहेत. दगडी घुमट, त्यातला एक अष्टकोनी. पुढे याच घराण्यातल्या राजा अली खानाने बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबीसोबत संस्कृत शिलालेख कोरून घेतला. मशिदीत संस्कृत! १६०१ मध्ये अकबराने असिरगड घेतला आणि फारुकींचं राज्य संपलं. म्हणजे मुसलमान राज्य मुसलमान बादशहानेच बुडवलं. इतिहासाला धर्माचे दोन रकाने पाडणाऱ्यांनी हा व्यवहार कोणत्या रकान्यात लिहायचा?

कबरींपासून किल्ला जवळच. आता पडक्या भिंती आणि खाली वाहणारी तापी. १८१८ च्या तहात होळकरांनी थाळनेर इंग्रजांना दिलं, पण किल्ल्यातल्या शिबंदीने ताबा सोडला नाही. किल्लेदार तुळशीराम मामा, आणि त्याच्या हाताखालचे शिपाई बहुतेक अरब. २७ फेब्रुवारीला सर थॉमस हिस्लॉपच्या फौजेने किल्ला घेतला. आतल्या दरवाजाशी झालेल्या झटापटीत इंग्रज अधिकारी पडले, तेव्हा शिबंदीची कत्तल झाली. सुमारे अडीचशे माणसं मारली गेली. तुळशीराम मामाला फाशी दिलं. या प्रकाराची चर्चा ब्रिटिश संसदेतही झाली.

होळकरांचा किल्ला, हिंदू किल्लेदार, अरब शिबंदी, आणि शेवट एकाच दिवशी, एकाच तटाच्या आत. त्या तटावर उभं राहिलो तेव्हा मला वाटलं, आपल्याला ऊठसूट विचारला जाणारा ‘तुम्ही कुठले?’ हा प्रश्न इथं आणून ठेवावा. उत्तर द्यायला भाषण लागणार नाही.

पण आपल्यालाही एक प्रश्न आहे. उरुसाला आपण गाड्या भरून जातो. इतिहासावर वाद झाला की मोबाइलवर तावातावाने लिहितो. आणि ज्या राजांनी हा मुलूख उभा केला, त्यांच्या कबरीवर फातिहा पढायला वर्षाकाठी कितीजण जातात? मी गेलो तेव्हा घुमटाखाली सावली होती, पारवे होते, माणूस नव्हतं. पुरातत्त्व खातं स्मारक राखू शकतं. आठवण राखायचं काम त्याचं नाही, आपलं आहे.

तेव्हा एका रविवारी डबा बांधा, मुलांना गाडीत घाला. शेजारच्या पाटलांच्या पोरांनाही घ्या. थाळनेर त्यांचंही तितकंच आहे. कबरी दाखवा, मग किल्ला दाखवा, आणि तुळशीराम मामाचं आणि त्या अरबांचं नाव एकाच दमात घ्या.