कुंभकोणमचा विद्यार्थी

कावेरीच्या काठी वसलेले कुंभकोणम हे नगर महाराष्ट्राला सर्वस्वी परके नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरास भोसल्यांचे राज्य आले आणि त्याबरोबर आलेली मराठी घराणी त्या परिसरात कायमची राहिली. पुढे बडोद्याचे दिवाण म्हणून गाजलेले सर टी. माधवराव जन्माने ह्याच गावचे. एकोणिसाव्या शतकात येथील सरकारी महाविद्यालयाची कीर्ती एवढी वाढली की लोक त्याला दक्षिण हिंदुस्थानचे केंब्रिज म्हणू लागले. ह्या केंब्रिजात ज्याचा निभाव लागला नाही आणि इंग्लंडातील खऱ्या केंब्रिजने ज्याला बोलावून नेले, असा विद्यार्थी म्हणजे श्रीनिवास रामानुजन. त्यांच्या गणिताविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. ह्या विद्यार्थ्याच्या शरीराचे आणि मनाचे काय झाले, हा इतिहासही तितकाच जाणून घेण्यासारखा आहे.

22 डिसेंबर 1887 रोजी इरोड येथे आजोळी त्यांचा जन्म झाला. वडील कुंभकोणममध्ये साड्यांच्या दुकानात कारकून होते. दोन वर्षांचे असताना रामानुजन यांना देवी आल्या; त्यातून ते वाचले, पण व्रण राहिले. त्यांच्या पाठीवर झालेली तीन भावंडे तान्हेपणीच गेली. अशा घरात आईने हा मुलगा किती जपला असेल, हे सांगावयास नको. तो गणितात बुडालेला असला की भात कालवून त्याच्या हातावर ठेवला जाई, म्हणजे लिहिणे थांबवावे लागू नये. मायेची ही व्यवस्था उत्तमच होती. परंतु भूक लागली हे ओळखणे आणि वेळेवर उठून जेवणे ह्या दोन गोष्टी त्या मुलाला कधी शिकाव्या लागल्या नाहीत.

1904 साली टाउन हायस्कुलातून बक्षीस मिळवून ते महाविद्यालयात शिष्यवृत्तीवर दाखल झाले. गणितापुढे त्यांना दुसरे काही सुचेना. इंग्रजीत ते नापास झाले आणि शिष्यवृत्ती गेली. 1905 च्या ऑगस्टमध्ये हा सतरा वर्षांचा मुलगा कोणास न सांगता घर सोडून विशाखापट्टणमकडे निघून गेला. घरच्यांवर वर्तमानपत्रातून शोध घेण्याची पाळी आली. परीक्षेतील अपयशाची लाज हे मनाचे दुखणे असू शकते, असे मानण्याची तेव्हा रीत नव्हती. मुलगा परत आला, आणि प्रकरण तेथेच मिटले असे सर्वांनी धरले.

1906 मध्ये मद्रासच्या पचैयप्पा महाविद्यालयात त्यांनी पुन्हा आरंभ केला. तेथे आमांशाने त्यांना गाठले व काही महिने कुंभकोणमला परतावे लागले. विशेष हे की, ज्या विषयांनी त्यांना परीक्षेत अडवले त्यांत शरीरशास्त्र प्रमुख होते. पचनसंस्थेचा धडा आपल्याला पचला नाही, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी पेपरात लिहिल्याची आख्यायिका आहे. विनोद म्हणून ती सांगितली जाते. पुढचा इतिहास ठाऊक असणाऱ्याला मात्र हसू येत नाही.

1910 च्या जानेवारीत अंडवृद्धीवर शस्त्रक्रिया करणे भाग पडले. घरी पैसा नव्हता. एका डॉक्टराने ती मोफत केली. त्याच वर्षाच्या अखेरीस रामानुजन नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्रराव यांच्याकडे गेले. हे रामचंद्रराव तंजावरी मराठी घराण्यातले. त्यांनी दरमहा पंचवीस रुपये देऊन ह्या तरुणाची पोटापाण्याची विवंचना काही काळ दूर केली. 1912 मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये नोकरी लागली आणि 1914 च्या एप्रिलमध्ये रामानुजन केंब्रिजला पोहोचले.

तेथे हातावर भात ठेवणारे कोणी नव्हते. कडक शाकाहारामुळे ते खोलीतच स्वतः स्वयंपाक करीत, तोही अवेळी. कामाला आणि झोपेला धरबंध राहिला नाही. महायुद्ध सुरू होताच भाजीपाला दुर्मीळ झाला. पत्नी जानकी मद्रास इलाख्यात होती आणि सासूसुनेच्या तेढीमुळे तिची पत्रे त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हती. ह्या एकाकीपणाची खूण सांगणारी एक हकीकत प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी नोंदवली आहे. रात्री थंडी वाजते म्हणून रामानुजन ओव्हरकोट घालून, शाल पांघरून झोपत. महालनोबिस यांनी पाहिले, तो ब्लँकेटे पलंगावर नीट अंथरलेली! त्यांच्या आत शिरून निजावयाचे असते, हे रामानुजन यांना कोणी सांगितलेच नव्हते, आणि त्यांनीही कोणास विचारले नव्हते.

कुंभकोणमचा जुना स्वभाव येथेही दिसला. एकदा त्यांनी मित्रांना जेवावयास बोलावले होते. स्वतः केलेले सार पाहुण्यांनी पुन्हा घेतले नाही, एवढ्याने त्यांचे मन दुखावले. ते न सांगता उठून गेले आणि चार दिवस परतले नाहीत. 1917 च्या वसंतात ते आजारी पडले. आधी जठरव्रण, मग क्षय, अशी निदाने बदलत गेली आणि एका शुश्रूषागृहातून दुसऱ्यात असा प्रवास सुरू झाला. 1918 च्या आरंभी लंडनमध्ये त्यांनी जीव देण्याचा प्रयत्न केला. एका रक्षकाच्या सावधपणामुळे ते वाचले. त्यानंतर थोड्याच महिन्यांत रॉयल सोसायटीने त्यांना सदस्य निवडले.

1919 च्या मार्चमध्ये ते मायदेशी परतले. काही दिवस कुंभकोणमलाही राहिले. पण 26 एप्रिल 1920 रोजी मद्रासला त्यांचे निधन झाले. वय अवघे बत्तीस. 1994 मध्ये डी. ए. बी. यंग यांनी जुनी कागदपत्रे तपासून असे अनुमान मांडले की, दुखणे क्षयाचे नसून आमांशाच्या जंतूंनी यकृतात केलेल्या विकाराचे असावे. म्हणजे 1906 चा आमांश शरीरात दबा धरून बसला असावा. हे अनुमानच आहे. पण ते खरे असेल, तर ज्या एमेटिन औषधाचा उपयोग लेनर्ड रॉजर्स यांनी कलकत्त्यात 1912 सालीच दाखवून दिला होता, ते त्या रोगावरचेच होते.

ही हानी म्हणजे प्रतिभेला द्यावे लागलेले मोल, असे म्हणण्याची आपल्याकडे प्रथा आहे. इतिहास तसे सांगत नाही. आमांश, थंडी, अपुरे अन्न, नापास झाल्याची लाज, घरच्या पत्राची वाट पाहणे: ह्यांतील एकही गोष्ट असामान्य नाही. वसतिगृहात राहणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याच्या वाट्याला त्या येतात. त्यांवरचे उपायही साधे होते. एका डॉक्टराची शस्त्रक्रिया, एका कलेक्टराचे पंचवीस रुपये, ब्लँकेटाविषयी एका मित्राचे चार शब्द, एका रक्षकाचे लक्ष. जेथे कोणाला कळले तेथे मदत झाली. जेथे रामानुजन बोलले नाहीत आणि कोणी विचारलेही नाही, तेथे दुखणे वाढत गेले.

आज मन खचलेल्या विद्यार्थ्याला 14416 ह्या क्रमांकावर भारत सरकारच्या टेलिमानस सेवेशी दिवसरात्र, मराठीतूनही, बोलता येते. 1905 साली घर सोडून गेलेल्या मुलाला असे दार नव्हते. कुंभकोणमच्या सारंगपाणी मंदिरासमोरील गल्लीत त्याचे लहानसे घर जतन करून ठेवले आहे. रस्त्याकडे उघडणाऱ्या तेथल्या खिडकीशी बसून तो पाटीवर गणिते मांडीत असे.