सिंगल-बोर्ड संगणकावर आधारित घरगुती गेमिंग लॅपटॉप

सिंगल-बोर्ड संगणकावर आधारित घरगुती गेमिंग लॅपटॉप म्हणजे सुटे भाग जोडून घरीच तयार केलेला, खेळांसाठी वापरता येणारा सुवाह्य संगणक होय. प्रोसेसर, स्मृती, ग्राफिक्स व जोडण्या एकाच लहान फलकावर बसवलेला संगणक हा त्याचा गाभा असतो. त्याला पडदा, कळफलक, बॅटरी, ध्वनिक्षेपक व कवच यांची जोड दिली जाते. या कामासाठी रास्पबेरी पाय ही ब्रिटिश मालिका विशेष परिचित आहे. अशा लॅपटॉपवर जुने व हलके खेळ चांगले चालतात. आधुनिक, ग्राफिक्सप्रधान खेळांसाठी मात्र त्याची क्षमता अपुरी पडते. अनेक फलक एकत्र जोडूनही ही उणीव भरून निघत नाही.

पार्श्वभूमी

१९८० च्या दशकात ब्रिटनमधील अनेक मुले बीबीसी मायक्रोसारख्या घरगुती संगणकांवर स्वतः आज्ञावली लिहून खेळ तयार करीत असत. पुढील काळात ही सवय मागे पडली. केंब्रिज विद्यापीठात संगणकशास्त्रासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या व पूर्वतयारी घटत असल्याचे एबन अप्टन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले. त्यातूनच २००९ मध्ये रास्पबेरी पाय फाउंडेशन ही धर्मादाय संस्था स्थापन झाली. संस्थेचा पहिला फलक २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीस आला. त्याची किंमत ३५ डॉलर, प्रोसेसरचा वेग ७०० मेगाहर्ट्झ आणि स्मृती २५६ मेगाबाइट होती. २०२३ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ५ या फलकात २.४ गिगाहर्ट्झ वेगाचे चार गाभे आहेत.

या फलकांचा खेळांशी संबंध आरंभापासूनच राहिला आहे. २०१३ मध्ये माइनक्राफ्टची खास आवृत्ती विनामूल्य उपलब्ध करून देण्यात आली. तिच्यातील जग पायथॉन भाषेतील आज्ञावलीने बदलता येत असे. २०१४ मध्ये 'पाय-टॉप' हा घरी जुळवण्याचा लॅपटॉप संच लोकवर्गणीच्या मार्गाने पुढे आला. २०१७ मध्ये बल्गेरियातील ऑलिमेक्स या कंपनीने 'टेरेस' हा खुल्या आराखड्याचा लॅपटॉप सुट्या भागांच्या रूपात आणला.

फलकाची निवड

फलक निवडताना वेगाइतकेच महत्त्व प्रोसेसरच्या जातीला असते. रास्पबेरी पायमध्ये एआरएम जातीचा प्रोसेसर असतो, तर वैयक्तिक संगणकांसाठीचे बहुसंख्य खेळ एक्स८६ जातीसाठी संकलित केलेले असतात. असे खेळ एआरएमवर चालवण्यासाठी 'बॉक्स६४'सारखा अनुवादक लागतो. अनुवादात वेग खर्ची पडतो आणि प्रत्येक खेळ चालेलच अशी खात्री नसते. लॅटेपांडा मालिकेतील फलकांवर इंटेलचा एक्स८६ प्रोसेसर असल्याने त्यांना अशा अनुवादाची गरज पडत नाही.

रचना

पडदा : जुन्या लॅपटॉपमधून काढलेला पडदा थेट फलकाला जोडता येत नाही, कारण त्याची जोडणी एचडीएमआयहून वेगळी असते. पडद्याच्या मागील क्रमांकानुसार योग्य नियंत्रक फलक मिळवावा लागतो. अशा अनेक नियंत्रकांना १२ व्होल्टचा पुरवठा लागतो, तर रास्पबेरी पायला ५ व्होल्टचा. त्यामुळे दोन्ही दाबांची सोय करावी लागते.

कळफलक : जुन्या लॅपटॉपच्या कळफलकातून केवळ एक पट्टीसारखी तार बाहेर येते. तिच्यातील उभ्या-आडव्या जोडण्या ओळखून मायक्रोकंट्रोलरच्या साहाय्याने युएसबी संकेत तयार करावे लागतात. नवशिक्यांसाठी लहान युएसबी कळफलक अधिक सोयीचा ठरतो.

शीतकरण : खेळ चालू असताना प्रोसेसर सतत तापतो. रास्पबेरी पाय ५ चे तापमान ८० अंश सेल्सिअसपर्यंत गेले की तो आपला वेग आपोआप कमी करू लागतो व खेळ अडखळतो. म्हणून धातूचा उष्णताशोषक व पंखा बसवतात आणि कवचात हवा आत येण्यासाठी व बाहेर जाण्यासाठी स्वतंत्र झरोके ठेवतात.

बॅटरी व सुरक्षितता

घरगुती बांधणीत सर्वाधिक धोका बॅटरीचा असतो. या कामात '१८६५०' प्रकारचे लिथियम-आयन घट सर्रास वापरतात. या आकड्यातून घटाचा १८ मिलिमीटर व्यास व ६५ मिलिमीटर लांबी सूचित होते. ३.६ व्होल्ट व ३,००० मिलिअँपिअर-तास क्षमतेच्या घटात सुमारे १०.८ वॅट-तास ऊर्जा मावते. असे चार घट घेतल्यास ४३ वॅट-तास मिळतात. दाब बदलताना दहा टक्के ऊर्जा वाया जाते आणि फलक व पडदा मिळून १५ वॅट लागतात असे धरले, तर लॅपटॉप सुमारे अडीच तास चालेल.

सामान्य लिथियम-आयन घट ४.२ व्होल्टपेक्षा अधिक भारित झाल्यास, त्याचे शॉर्टसर्किट झाल्यास किंवा त्याला भोक पडल्यास तो पेट घेऊ शकतो, आणि विझल्यासारखी वाटलेली आग पुन्हा भडकू शकते. म्हणून संरक्षक मंडल अनिवार्य मानावे. फुगलेले किंवा जुन्या बॅटरीतून काढलेले अनोळखी घट वापरू नयेत. घटावर थेट डाग देऊन तारा जोडू नयेत. त्या उष्णतेने घट आतून बिघडतो. भिन्न दाब असलेले घट समांतर जोडू नयेत. विद्यार्थ्यांनी सुटे घट न हाताळता तयार पॉवर बँक वापरणे हितावह होय. मात्र रास्पबेरी पाय ५ ला पूर्ण क्षमतेसाठी ५ व्होल्टला ५ अँपिअरचा पुरवठा लागतो. पुरवठा ३ अँपिअरचा असल्यास तो युएसबी उपकरणांना मिळणारा प्रवाह मर्यादित करतो.

अनेक फलक जोडण्याची कल्पना

एका फलकाची शक्ती अपुरी असेल तर चार-पाच फलक जोडावेत, असे अनेकांना सुचते. फलकांचे असे समूह अस्तित्वात आहेत. २०१२ मध्ये साउथॅम्प्टन विद्यापीठात ६४ रास्पबेरी पाय जोडून एक लघु महासंगणक उभारण्यात आला. त्याची मांडणी लेगोच्या ठोकळ्यांनी केली होती. परंतु अशा समूहाला स्वतंत्र तुकड्यांत विभागता येणारी कामेच मानवतात. उदाहरणार्थ, सचेतपटातील प्रत्येक चौकट निराळ्या फलकावर रेखाटता येते.

खेळाचे काम असे विभागत नाही. सेकंदाला ६० चौकटी दाखवायच्या तर प्रत्येक चौकटीसाठी केवळ १६.७ मिलिसेकंद मिळतात आणि पुढची चौकट खेळाडूच्या ताज्या कृतीवर अवलंबून असते. रास्पबेरी पाय ५ मध्ये प्रोसेसर व स्मृती यांच्यात सेकंदाला सैद्धांतिक कमाल सुमारे १७ गिगाबाइट माहिती वाहू शकते. दोन फलकांमधील गिगाबिट जोडणीतून जेमतेम ०.१२५ गिगाबाइट जाते. शिवाय कामाचा जो भाग क्रमानेच करावा लागतो, तो एकूण वेगावर मर्यादा घालतो. हे तत्त्व जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये मांडले. दहा आचारी उभे केले म्हणून एक पोळी दहापट लवकर भाजली जात नाही, तसेच हे आहे. सर्वसाधारण खेळ मुळात एकाच संगणकासाठी लिहिलेले असल्याने जादा फलक निष्क्रिय राहतात.

खेळांचे पर्याय

'रेट्रोपाय'सारख्या प्रणालीतून जुन्या खेळयंत्रांचे अनुकरण करता येते. मात्र खेळांच्या फाइली परवानगीविना उतरवणे वा वाटणे हा स्वामित्वहक्काचा भंग ठरू शकतो. 'सुपरटक्सकार्ट'सारखे मुक्तस्रोत खेळ निर्धोकपणे वापरता येतात. 'डूम'चा मूळ संकेत १९९७ मध्ये खुला झाला असून 'फ्रीडूम' त्यासाठी मुक्त सामग्री पुरवते. घरात शक्तिशाली संगणक असल्यास खेळ त्यावर चालवून 'स्टीम लिंक'द्वारे केवळ चित्र व ध्वनी लॅपटॉपवर आणता येतात.

शैक्षणिक महत्त्व

फलक, पडदा, नियंत्रक, घट व कवच यांचा एकत्रित खर्च पाहता, खेळण्यासाठी वापरलेला लॅपटॉप विकत घेणे बहुधा किफायतशीर ठरते. घरगुती बांधणीचे मोल निराळे आहे. विद्युतदाब, उष्णता, संकेतांचे वहन व आज्ञावली हे पाठ्यपुस्तकातील स्वतंत्र धडे येथे एकाच वस्तूत एकत्र येतात, आणि बिघडलेला भाग ओळखून बदलण्याची क्षमता बांधणाऱ्याच्या अंगी येते.