अंतर कोण ठरवतो? प्लेगच्या मुंबईपासून पुनर्वसनाच्या टॉवरपर्यंत

जातिव्यवस्था ही अंतराची व्यवस्था होती आणि आहे. महारवाडा गावकुसाबाहेर किती लांब असावा, पाणवठा कुठे असावा, कोणाची सावली कोणावर पडू नये, हे सगळे ठरलेले होते. ठरवणारे मात्र महारवाड्यात राहत नव्हते. आपली माणसे मुंबईत आली तेव्हा हे अंतर मोडेल अशी आशा होती. आज उपनगरांतल्या पुनर्वसन वसाहतींत पाहिले तर गणित नेमके उलटे झालेले दिसते. तिथे दोन इमारतींच्या मध्ये अंतरच ठेवलेले नाही. एक गोष्ट मात्र बदललेली नाही. अंतर ठरवणारा आजही तिथे राहत नाही.

या प्रश्नाला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. 1896 मध्ये मांडवी भागात प्लेग सुरू झाला आणि मुंबई हादरली. 1898 मध्ये सरकारने बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. दाट वस्त्या पाडणे, रस्ते रुंद करणे, नव्या वसाहती आखणे हे त्याचे काम. ट्रस्टने गरिबांची घरे पाडली त्या वेगाने बांधली नाहीत, हे विसरता येणार नाही. दादर-माटुंग्याच्या ऐसपैस आखणीचा लाभ मुख्यतः मध्यमवर्गाला मिळाला. तरीही त्या ट्रस्टने एक नियम मांडला, तो आज आठवण्यासारखा आहे.

ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी 1910 च्या दशकात साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा आग्रह धरला. सोप्या भाषेत त्याचा अर्थ असा: समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीपेक्षा जास्त नसावी. म्हणजे तळमजल्याच्या खोलीतूनही आकाशाचा तुकडा दिसला पाहिजे. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, केवळ उजेडाने तो थांबला नसता. पण क्षयरोगाच्या बाबतीत हवा-उजेडाचा आग्रह अगदी योग्य होता. क्षयाचे जंतू कोंदट हवेत टिकतात आणि सूर्यप्रकाशात मरतात.

बाबासाहेबांनी या शहराची दोन्ही रूपे जगून पाहिली. परळच्या बीआयटी चाळीत, म्हणजे याच ट्रस्टच्या चाळीत, त्यांचे कुटुंब अनेक वर्षे राहिले. खोल्या लहान, संडास सामाईक, माणसांची दाटी. पुढे 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह उभारले. ती कॉलनी ट्रस्टच्या नव्या आखणीतलीच. एकाच संस्थेने कामगाराला एक शहर दिले आणि मध्यमवर्गाला दुसरे. बाबासाहेब आपल्या कर्तृत्वावर एका शहरातून दुसऱ्यात गेले. त्यांचा समाज मात्र चाळीत आणि झोपडपट्टीतच राहिला.

आता 1990 च्या दशकात या. 1995 मध्ये मोफत घराची घोषणा झाली आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाचा, म्हणजे एसआरएचा, काळ सुरू झाला. 225 चौरस फुटांचे घर, पुढे 269, आता 300. चर्चा सदैव या आकड्याची झाली. घराच्या बाहेर काय असेल, याची चर्चा कोणी केली नाही. नियमावलीत मात्र ते लिहिले गेले. 24 मीटर उंचीपर्यंतच्या पुनर्वसन इमारतीभोवती दीड मीटर मोकळी जागा पुरेशी, आणि अशा दोन इमारतींमध्ये 3 मीटर अंतर चालेल.

ऑरच्या नियमाने हिशेब करून पाहा. 24 मीटर उंच इमारतीसमोर 12 मीटर मोकळी जागा हवी. स्वतंत्र भारतात, संविधान लागू झाल्यावर चार दशकांनी, तीच जागा 3 मीटरवर आली. इंग्रजांच्या राज्यात जो उजेड चौपट लागत होता, तो आपल्या लोकांसाठी आपल्याच सरकारने एक चतुर्थांश केला. बाकीच्या इमारतींना मात्र उंची वाढेल तशी मोकळी जागा वाढवावी लागते. तिथेही प्रीमियम भरून सूट मिळवता येते, ही गोष्ट वेगळी. म्हणजे या शहरात उजेडालाही भाव आहे.

या सवलतीचे परिणाम गोवंडी-मानखुर्दमध्ये मोजले गेले. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने आयआयटी मुंबईच्या मदतीने लल्लुभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी कॉलनी या तीन वसाहतींतील चार हजारांहून अधिक घरांची पाहणी केली. तो अहवाल 2018 मध्ये समोर आला. लल्लुभाई आणि नटवर पारेखमध्ये सात-आठ मजली इमारती एकमेकींना जवळजवळ चिकटून आहेत. तिथे साधारण दर दहा घरांमागे एका घरात क्षयरुग्ण आढळला. इमारतींमध्ये मोकळी जागा असलेल्या पीएमजीपीत हे प्रमाण शंभर घरांमागे एकाच्या आसपास होते. तिन्ही वसाहती एकाच वॉर्डातल्या, तिन्हींमध्ये कष्टकरीच राहतात. फरक आखणीचा होता. खालच्या मजल्यांवर ऊन पोहोचतच नाही आणि हवा खेळत नाही, असे निष्कर्ष त्या अभ्यासात निघाले.

आजार हा शेवटचा टप्पा. त्याआधी रोजचे जगणे आहे. भर दुपारी ट्यूबलाइट, वाढलेले वीजबिल, न वाळणारे कपडे. समोरची खिडकी हातभर अंतरावर, म्हणून बायकांना पडदा ओढून ठेवावा लागतो. मधल्या गल्लीत कचरा आणि गळके पाइप, म्हणून खिडकीही बंद. त्या खोलीत दहावीची मुलगी अभ्यास करते. 'शिका' हा आदेश देणाऱ्या महामानवाच्या लेकरांना वाचायला दिवसाचा उजेडही मिळू नये?

यावर ठरलेले उत्तर येते: मुंबईत जागा कुठे आहे, आणि फुकट घर मिळतेय ना! दोन्ही मुद्दे तपासू. जागा आहे. त्याच भूखंडावर विक्रीच्या टॉवरला बाग, पोडियम, मुलांची खेळाची जागा मिळते. पुनर्वसनाच्या इमारती जितक्या कोपऱ्यात दाबल्या जातील, तितकी विक्रीची जमीन मोकळी होते. म्हणून ते 3 मीटर ही गरज नव्हती, तो नफा होता. आणि घर फुकट नाही. बिल्डर ज्या जमिनीवर विक्रीचे मजले चढवतो, ती दलदल भरून, नाले ओलांडून राहण्याजोगी केली झोपडपट्टीतल्या माणसांनी. ते किमतीचा आपला वाटा आधीच देऊन बसले आहेत.

कायद्याची वृत्ती पाहायची असेल तर 2034 च्या नियमावलीतले एसआरएचे कलम पाहा. तिथे हेक्टरी 650 घरांची मर्यादा आहे, पण ती किमान! इतकी गर्दी झालीच पाहिजे, असे सरकार सांगते. गर्दी किती झाल्यावर थांबायचे, हा खरा प्रश्न तिथे गौण आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1990 च्या शांतिस्टार बिल्डर्स प्रकरणात म्हटले होते की निवारा म्हणजे नुसते छप्पर नव्हे, माणसाच्या शारीरिक, मानसिक आणि बौद्धिक वाढीला वाव देणारी जागा. हे कलम त्या कसोटीवर कसे उतरणार?

आज हा प्रश्न घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरासमोर उभा आहे. 11 जुलै 1997 रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या याच वस्तीवर गोळीबार झाला आणि दहा भीमसैनिक शहीद झाले. आता एमएमआरडीए आणि एसआरए मिळून रमाबाई नगर आणि कामराज नगरचा पुनर्विकास करीत आहेत. प्रश्न हजारो कुटुंबांचा आहे. घरभाड्याचे धनादेश, पात्र-अपात्र याद्या यांवर लोक बोलतात आणि ते बरोबरच आहे. पण नकाशावरही बोलले पाहिजे.

दोन इमारतींमध्ये किती मीटर? उंचीच्या प्रमाणात किती? डिसेंबरमध्ये पहिल्या मजल्यावर किती तास ऊन येणार? पुनर्वसन आणि विक्रीच्या इमारतींना मोकळ्या जागेचा एकच नियम आहे का? ही उत्तरे आराखड्यावर, मराठीत, बुद्धविहारात लावली पाहिजेत. प्रत्येक सोसायटीने ती लेखी मागावीत, आणि माहिती अधिकाराचा अर्जही टाकावा. पाया खणल्यावर अंतर वाढत नाही.

गावाने आपल्याला दूर ठेवले, शहराने एकमेकांवर रचले. दोन्ही वेळा निर्णय दुसऱ्याचा होता. या वेळी मोजपट्टी आपल्या हातात असली पाहिजे.

जय भीम!