घर्षणविद्युतेचा वनवास

हिवाळ्यांतील कोरड्या रात्रीं अंगांतील लोकरीचा सदरा काढतांना जो बारीक चटचट आवाज होतो, आणि अंधार असल्यास ज्या निळसर ठिणग्या दिसतात, त्या बहुतेकांच्या परिचयाच्या आहेत. कोरड्या केसांवरून फिरविलेली फणी कागदाचे कपटे उचलते, हा खेळ तर घरोघरच्या मुलांनीं केलेला असतो. पण खेळ संपला कीं फणी आपल्या जागीं जाते, आणि विजेची आठवण आपणांस दिव्याचें बटन दाबतांनाच काय ती होते. वास्तविक फणीची वीज व बटनाची वीज या एकाच घराण्यांतील. त्यांतही फणीची थोरली. असें असतां थोरली परसांत व धाकटी माजघरांत असा प्रकार कां झाला, आणि अलीकडे थोरलीला पुन्हा घरांत बोलावणें कां आलें, याचा वृत्तांत वाचकांपुढें ठेवण्याचा आमचा विचार आहे.

तृणमणि घासला असतां तो काडीकचरा ओढून घेतो, हें ग्रीक तत्त्ववेत्ता थेलीझ यास इसवी सनापूर्वीं सहाव्या शतकांत ठाऊक होतें, असें परंपरा सांगते. या गुणाची साक्ष खुद्द शब्दच देतात. आपल्या ‘तृणमणि’ शब्दांत गवत आहे. फारशी ‘कहरुबा’ याचा अर्थ काडी हिरावून घेणारा. आणि तृणमण्याच्या ‘इलेक्ट्रॉन’ या ग्रीक नांवावरूनच इंग्रजींत विजेचें नांव पडलें. पण शास्त्रीय विचारास आरंभ झाला तो १६०० सालीं. त्या वर्षीं इंग्लंडांतील वैद्य विल्यम गिल्बर्ट यानें आपल्या लोहचुंबकावरील ग्रंथांत तृणमण्याचें आकर्षण व चुंबकाचें आकर्षण हीं भिन्न आहेत असें स्पष्ट सांगितलें, आणि कांच, गंधक, लाख इत्यादि पदार्थांतही पहिला गुण आहे असें दाखविलें.

पुढील दोन शतकें हा या विजेचा वैभवकाल होय. माग्डेबुर्ग शहराचा नगराध्यक्ष ऑटो फॉन गेरिके यानें फिरत्या गंधकाच्या गोळ्यावर हात घासून केलेले प्रयोग १६७२ सालीं प्रसिद्ध केले. १७४६ सालीं फ्रान्सांत आबे नोले यानें राजासमोर १८० शिपायांस हातांत हात देऊन उभें केलें व विद्युद्भाराच्या एका धक्क्यासरशीं सगळ्यांस उडी मारावयास लाविलें. १७५७ सालीं विल्के यानें, कोणता पदार्थ कोणाशीं घासला असतां कोणत्या जातीचा विद्युद्भार घेतो, याची क्रमवार यादी केली. हार्लेम येथें १७८४ सालीं व्हान मारम याच्यासाठीं मोठमोठ्या कांचेच्या तबकड्यांचें एक प्रचंड घर्षणयंत्र उभारलें गेलें.

परंतु १८०० सालीं व्होल्टानें आपली विद्युत्घटमाला जाहीर केली आणि १८३१ सालीं फॅरडेनें चुंबकाच्या साहाय्यानें वीज उत्पन्न करण्याचा मार्ग दाखविला. तेव्हांपासून घर्षणविद्युतेचा वनवास सुरू झाला. त्याचें कारण तिच्या स्वभावांतच होतें. तिचा दाब हजारों व्होल्टांचा, पण प्रवाह नांवाला. उंच कड्यावरून पडणाऱ्या चार थेंबांसारखा. गिरण्या चालवावयाच्या तर पाटाचें पाणी पाहिजे, थेंब काय कामाचे? मग सूतगिरणींत धागे चिकटविणारी, दारूच्या कारखान्यांत आगीचें भय घालणारी उपाधि एवढीच तिची ओळख उरली. मधून कोणी तिला हांक मारली नाहीं असें नाहीं. अमेरिकेंत व्हान डी ग्राफ यानें रेशमी पट्ट्याच्या योगें विद्युद्भार वाहून नेणारें यंत्र १९२९ सालीं रचिलें, आणि १९३१ पर्यंत त्यानें पंधरा लक्ष व्होल्टांची मजल गांठली. पण तें अणुसंशोधकांचें यंत्र होतें. संसारास त्याचा उपयोग नव्हता.

पुनरागमन झालें तें एका चुकीमुळें. अटलांटा येथील जॉर्जिया टेक या संस्थेंत झाँग लिन वांग यांची मंडळी दाबानें वीज देणाऱ्या स्फटिकांचीं लहान साधनें तयार करीत होती. त्यांतील एक साधन अपेक्षेपेक्षां फारच अधिक वीज देऊं लागलें. तपास करतां असें आढळलें कीं, त्याची जुळणी नीट न झाल्यामुळें प्लास्टिकचे दोन पापुद्रे एकमेकांवर घासत होते. दुसऱ्या एखाद्यानें तें साधन मोडीत टाकलें असतें. यांनीं त्या दोषाचाच पाठपुरावा केला, आणि २०१२ सालीं ‘ट्रायबोइलेक्ट्रिक’ म्हणजे घर्षणविद्युतेवर चालणारा जनित्र प्रसिद्ध केला. त्याची रचना साधी आहे. भिन्न जातीच्या दोन पापुद्र्यांच्या पाठीस धातूचा मुलामा असतो. ते एकमेकांस भिडले कीं एकावर ऋण व दुसऱ्यावर धन भार बसतो. विलग होतांच तारेंतून प्रवाह एका दिशेनें धांवतो, आणि पुन्हा जवळ येतांच उलट फिरतो. पहिल्या साधनानें दिले जेमतेम ३.३ व्होल्ट, पण थोड्याच वर्षांत हा आंकडा हजारांत गेला.

आतां ज्या गुणाबद्दल थोरलीला घराबाहेर काढलें होतें, तोच गुण कामास आला. रेणूंचें वजन करणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटर नांवाच्या यंत्रांत द्रवाचे विद्युद्भारित तुषार उडवावे लागतात. त्यास दाब हजारों व्होल्टांचा लागतो, प्रवाह मात्र नगण्य पुरतो. २०१७ सालीं याच संस्थेंतील संशोधकांनीं हें काम हातांत मावणाऱ्या घर्षणजनित्राकडून करून घेतलें. आणि दर खेपेस विद्युद्भार मोजून देतां येत असल्यामुळें द्रवाची नासाडीही टळली. दुसरा उपयोग संवेदकाचा. पाऊल पडलें, बोट टेंकलें, नाडी उडाली, कीं त्या हालचालीनेंच विजेचा इशारा उत्पन्न होतो. तो उत्पन्न करण्यास वेगळी बॅटरी लागत नाहीं.

यावरून उद्यां घरोघर घर्षणानें दिवे लागतील असें मात्र कोणीं समजूं नये. पापुद्रे झिजतात, दमट हवेंत विद्युद्भार टिकत नाहीं, आणि कोंकणांतील पावसाळा ज्यांनीं पाहिला आहे त्यांस ही अडचण केवढी हें सांगावयास नको. साधनें बंदिस्त करून तिच्यावर मात करण्याचे यत्न चालू आहेत. मुख्य म्हणजे दोन पदार्थ भिडतात तेव्हां नेमकें काय इकडून तिकडे जातें, इलेक्ट्रॉन, आयन कीं पदार्थाचेच कण, याविषयीं तज्ज्ञांत अजून एकमत नाहीं. एका पृष्ठावर एकच जातीचा भार बसतो ही समजूतही, तेथें धन व ऋण ठिपक्यांची नक्षी असते असें २०११ सालीं दिसून आल्यानें, ढिली झाली.

थेंबांस पाटाचें माप लाविलें म्हणून ते दोन शतकें निरुपयोगी ठरले. दोष थेंबांचा नव्हता. तेव्हां घरांतील मूल अभ्यास सोडून फणीनें कपटे उचलीत बसलें, तर वडील मंडळींनीं त्यास एकदम दटावूं नये, एवढीच आमची विनंति आहे. तें ज्या प्रश्नाशीं खेळत आहे, त्याचें पुरतें उत्तर थोरांसही अद्यापि सांपडलेलें नाहीं.