फुलानं मान टाकण्याआधी

टोपली डोक्यावर घ्या आणि चालू लागा. साल 1675, महिना एप्रिल, गाव कोची. सकाळ अजून सरलेली नाही, तरी उघड्या पाठीवरून घाम निथळतोय आणि कमरेचा पंचा ओला झालाय. खाडीत काथ्यासाठी नारळाची सोडणं कुजत घातलीत. तो वास नाकात बसतो न बसतो, तोच वखारीतली मिरी तुम्हाला शिंकायला लावते. हमाल ओरडतात, कावळे सुकत घातलेल्या मासळीवर झडप घालतात. टोपली मात्र हलू द्यायची नाही!

तिच्यात ओल्या फडक्याखाली कुड्याची डहाळी आहे. ताजी पांढरी फुलं आणि जोडीनं लोंबणाऱ्या, गेल्या हंगामाच्या वाळक्या शेंगा, दोन्ही एकाच फांदीवर. अशी फांदी मिळावी म्हणून तुमची टोळी पहाटेपासून रान तुडवतेय. नुसतं पान नेऊन भागत नाही. डच कमांडर हेंड्रिक व्हान ऱ्हेडेला मलबारातली झाडं पुस्तकात हवीत, फूल, फळ, बी सगळ्यांसकट.

या पुस्तकाचं काम चालतं त्या खोलीत आलात की गारवा मिळेल असं वाटलं होतं ना? इथे उलट जास्त उकडतंय, कारण माणसं दाटीवाटीनं बसलीत. चित्रकार हात पुढे करतो. त्याला फूल टवटवीत असतानाच काढायचंय आणि दुपारपर्यंत ते मान टाकणार. पण वैद्यही फांदी सोडायला तयार नाहीत.

एक पान खुडा. देठातून पांढरा चीक येतो आणि बोटं एकमेकांना चिकटतात. आता साल चघळा. थुंकू नका एवढ्यात! कडूपणा जिभेवरून घशात उतरतो आणि तिथेच ठाण मांडतो. हाच कडूपणा आवेवर चालतो. पोर जुलाबानं सुकत चाललेल्या घरात ही साल वेळेवर पोचली की नाही, यावर रात्र कशी जाणार ते ठरतं. म्हणून ओळख चुकून चालत नाही. म्हणून तर एवढी वादावादी.

ऐका. कोल्लाट घराण्याचे इट्टी अच्युदन मल्याळममध्ये सांगताहेत: झाड कुठे उगवतं, साल कशाला, बी कशाला. पिढ्यान् पिढ्यांची वैद्यकी आहे त्यांच्या घरात. एमॅन्युएल कार्नेरो ते पोर्तुगीजमध्ये उतरवतो आणि पुढे त्याचं लॅटिन होतं. पलीकडे रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट आपल्या निघंटूशी, म्हणजे औषधी वनस्पतींच्या कोशाशी, ताडून बघताहेत. कोकणी माणसं ती. इतका वेळ कानावरून नुसत्या वाहून जाणाऱ्या आवाजांत त्यांचं बोलणं तुम्हाला एकदम कळायला लागतं आणि बरं वाटतं. कुणी श्लोक म्हणतो, दुसरा त्याला दुसऱ्या श्लोकानं अडवतो. आवाज चढतात, पण कुणी कुणाचा पाणउतारा करत नाही.

मला विचाराल तर वनस्पतिशास्त्र इथेच घडतंय, या जिभांवर आणि चिकट बोटांवर. ॲमस्टरडॅमला 1678 पासून ‘होर्तुस मलाबारिकुस’चे बारा खंड निघू लागतील, 1693 पर्यंत निघत राहतील, 742 वनस्पती त्यांत येतील. मुखपृष्ठावर व्हान ऱ्हेडेचं नाव असेल, ते रास्तच आहे. पण चित्रांच्या कोपऱ्यात मल्याळम, अरबी आणि नागरी अक्षरांत झाडांची नावं असतील आणि या वैद्यांची सहीनिशी दिलेली निवेदनं पहिल्याच खंडात छापली जातील. कुठलं ज्ञान कुणाकडून आलं, ते पुस्तकच सांगेल. याचं मला फार अप्रूप वाटतं. कितीतरी पुस्तकांनी एवढंही केलं नाही.

तुम्ही अजून इथेच उभे? चित्रकारानं शाईत बोरू बुडवलाय, त्याच्या उजेडातून बाजूला व्हा. बीसुद्धा काढून दाखवायचंय. शेंग अंगठ्यानं दाबा, तडकू द्या. आतून लांबट बिया निघतात, प्रत्येकीच्या टोकाला तपकिरी रेशमी झुबका. पंख्यानं वारा घालणाऱ्याला थांबवा, नाहीतर सगळ्या उडतील. आणि बाहेर ती हाकाटी ऐकलीत का? दुसरी टोळी आलीय, आख्खा फणस घेऊन. या, एक टोक तुम्ही धरा.