सिएरा नेवाडा : उतरत्या उन्हाळ्यातील पर्वतचित्रे

पर्वतांचे छायाचित्र म्हटले की पांढरीशुभ्र, हिमाच्छादित शिखरे डोळ्यांसमोर येतात. दिनदर्शिकांनी आणि पर्यटन कंपन्यांच्या माहितीपत्रकांनी ही सवय लावली आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या पूर्व भागात पसरलेल्या सिएरा नेवाडा पर्वतरांगेत मात्र उंचावरील दुर्गम प्रदेशाची छायाचित्रे टिपण्यास सर्वांत सोयीचा काळ येतो तो बर्फ जवळजवळ संपल्यावर, ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत. तोवर रानफुलांचा बहर ओसरलेला असतो, कुरणे पिवळी पडू लागतात, ओढे क्षीण होतात. वरवर पाहता हा रूक्ष ऋतू आहे. पण याच दिवसांत डोंगर जसा आहे तसा उघडा दिसतो आणि म्हणूनच या दिवसांत घेतलेल्या छायाचित्रांना पुढे पुराव्याचे मोल आले.

आपल्याकडे श्रावण-भाद्रपदाच्या सरींनी सह्याद्री हिरवागार असतो, तेव्हा कॅलिफोर्नियात कडकडीत कोरडे दिवस असतात. तेथील पाऊस आणि बर्फ बहुतांशी नोव्हेंबर ते एप्रिल या काळात पडतो. सुमारे ६४० किलोमीटर लांबीच्या या रांगेचा पश्चिम उतार मंद आहे, तर पूर्वेकडचा थेट तुटलेला. ओवेन्स खोऱ्यातून पाहिले तर अवघ्या काही किलोमीटरच्या अंतरात सुमारे तीन किलोमीटर उंचीची भिंत उभी राहते. तिच्यातील ४,४२१ मीटर उंचीचे माउंट व्हिटनी हे अलास्का वगळता अमेरिकेतील सर्वोच्च शिखर होय. साडेतीन हजार मीटरच्या आसपासच्या खिंडी जुलैपर्यंत, एखाद्या वर्षी ऑगस्टपर्यंतही, बर्फाखाली असतात. त्यातच जुलैमध्ये तळ्यांच्या काठी डासांचे थवे उठतात. हे दोन्ही अडथळे दूर होतात ते उन्हाळा उतरणीला लागल्यावर.

या काळातील प्रकाश मोहक आहे, तसाच कठीणही. तीन हजार मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे सत्तर टक्के असतो. विरळ हवेत प्रकाशाचे विकिरण कमी होते, त्यामुळे आकाश गडद निळे दिसते आणि सावल्या अधिक काळ्या पडतात. त्यातच सिएराचा खडक फिकट करड्या ग्रॅनाइटचा. भर दुपारी त्यावरील चकाकी आणि शेजारची सावली यांतील अंतर इतके वाढते की दोन्हींचा तपशील एकाच छायाचित्रात पकडणे अवघड होते. मैदानी प्रदेशात निळाई खुलवणारा पोलरायझर फिल्टर येथे वापरला तर आकाश जवळजवळ काळे पडते. नवख्या छायाचित्रकारांची बरीच चित्रे या एकाच कारणाने अनैसर्गिक वाटतात. म्हणून काम चालते ते पहाटे आणि सायंकाळी. सूर्योदयाच्या आगेमागे काही मिनिटे पूर्वाभिमुख कडे गुलाबी, मग केशरी होतात. वारा बहुधा पडलेला असल्याने तळ्यांत प्रतिबिंब स्वच्छ उमटते. बॅनर शिखराच्या पायथ्याचे थाउजंड आयलंड लेक हे तळे यासाठी प्रसिद्ध आहे. शिखर तळ्याच्या पश्चिमेस असल्याने पहिले ऊन थेट त्याच्या माथ्यावर पडते.

दुपारी ढग येतात. मेक्सिको आणि ॲरिझोनाकडून येणाऱ्या बाष्पयुक्त वाऱ्यांना तेथेही 'मॉन्सून' असेच म्हणतात. त्याचा एखादा फाटा सिएरापर्यंत पोहोचला की तासा-दोन तासांत मेघगर्जनेसह वादळ उठते. ढगांवाचून सिएराचे आकाश रिकामे, काहीसे कंटाळवाणे असते. त्यामुळे छायाचित्रकार या ढगांची वाटच पाहत असतो. मात्र उघड्या कड्यावर धातूची तिपाई घेऊन उभ्या असलेल्या माणसाला विजेचा धोका किती, हे सांगावयास नको. दुपारपूर्वी माथा सोडून खाली उतरावे, असा तेथील जाणत्यांचा दंडक आहे.

या रांगेची ओळख जगाला ज्याच्या कृष्णधवल चित्रांतून झाली, तो ॲन्सेल ॲडम्स (१९०२-१९८४) प्रथम योसेमिटीला आला तो १९१६ मध्ये, चौदा वर्षांचा असताना, आईवडिलांनी दिलेला साधा कोडॅक ब्राउनी कॅमेरा घेऊन. पुढे सिएरा क्लब या संस्थेच्या उन्हाळी मोहिमांबरोबर तो उंच प्रदेशात हिंडू लागला. अवजड कॅमेरा, काचपट्ट्या आणि तिपाई हे सारे ओझे खेचरांवर लादावे लागे. बॅनर शिखर आणि थाउजंड आयलंड लेकचे त्याचे चित्र १९२३ चे आहे. फिकट ग्रॅनाइट आणि काळी सावली यांतील तफावत आवरण्याची समस्या त्याला आयुष्यभर पुरली. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांच्या पायऱ्या पाडून एक्स्पोजर ठरवण्याची 'झोन सिस्टीम' त्याने फ्रेड आर्चर यांच्यासह १९४० च्या सुमारास मांडली. कॅमेरे डिजिटल झाले तरी ती पद्धत शिकवली जाते.

ॲडम्सच्या एका ग्रंथामागे मात्र दु:खद घटना आहे. वॉल्टर स्टार ज्युनियर हा तरुण वकील जॉन म्युर ट्रेल या सुमारे ३४० किलोमीटरच्या पायवाटेची मार्गदर्शिका लिहीत होता. ऑगस्ट १९३३ मध्ये मिनारेट्स या सुळक्यांच्या भागात तो एकटाच चढाईला गेला आणि परतला नाही. इतरांचा शोध थांबल्यावरही नॉर्मन क्लाइड हा गिर्यारोहक एकट्याने शोधत राहिला आणि महिनाअखेरीस त्याला मायकेल मिनारेटवर स्टारचा मृतदेह सापडला. अपुरी मार्गदर्शिका वडिलांनी पूर्ण करून १९३४ मध्ये प्रसिद्ध केली. मुलाच्या स्मरणार्थ त्याच वाटेवरील छायाचित्रांचा ग्रंथ काढण्यासाठी त्यांनी ॲडम्सला साह्य केले. 'सिएरा नेवाडा : द जॉन म्युर ट्रेल' हा तो ग्रंथ १९३८ मध्ये निघाला.

त्या वेळी किंग्ज नदीचे उगमक्षेत्र राष्ट्रीय उद्यान करावे की तेथील पाणी सिंचन आणि वीजनिर्मितीसाठी वळवावे, हा वाद अनेक वर्षे चालू होता. १९३६ मध्येच ॲडम्स आपली चित्रे घेऊन वॉशिंग्टनला जाऊन आला होता. त्याच्या ग्रंथाची प्रत अंतर्गत विभागाचे मंत्री हॅरॉल्ड इक्स यांच्याकडे गेली. त्यांनी ती अध्यक्ष रूझवेल्ट यांना दाखवली आणि ती अध्यक्षांकडेच राहिली. ४ मार्च १९४० रोजी किंग्ज कॅन्यन राष्ट्रीय उद्यान अस्तित्वात आले. केवळ चित्रांनी कायदा होत नाही; त्यामागे सिएरा क्लबची दीर्घ खटपट होती. तथापि, ज्या लोकप्रतिनिधींनी तो प्रदेश कधी पाहिला नव्हता, त्यांच्यासमोर तो या चित्रांनी ठेवला, हे मान्य करावे लागते. ज्या मिनारेट्समध्ये स्टारचा अंत झाला, तो संरक्षित प्रदेश १९८४ पासून 'ॲन्सेल ॲडम्स वाइल्डरनेस' या नावाने ओळखला जातो.

ॲडम्सनंतरचे मोठे नाव गेलन रोवेल यांचे. मोटारदुरुस्तीचा व्यवसाय विकून ते पूर्णवेळ छायाचित्रणाकडे वळले. खेचरांचा तांडा त्यांनी नाकारला. छोटा ३५ मिलिमीटरचा कॅमेरा आणि रंगीत फिल्म घेऊन प्रकाशामागे अक्षरश: धावत जाणे, ही त्यांची रीत. वरचे आकाश आणि खालची सावली एकाच चौकटीत बसावी म्हणून वरून गडद व खाली पारदर्शक असा फिल्टर त्यांनी रूढ केला. ऑगस्ट २००२ मध्ये बिशप गावाजवळ झालेल्या विमान अपघातात रोवेल आणि त्यांच्या पत्नी बार्बरा यांचा मृत्यू झाला.

या कलावंतांहून जुनी, आणि सौंदर्याचा दावा न करणारी एक परंपरा भूशास्त्रज्ञांची आहे. जून महिन्यात हिमनदी आणि तिच्याभोवतीचे हंगामी बर्फ सारखेच पांढरे असते, तिची कड कळत नाही. ऑगस्टअखेर हंगामी बर्फ वितळते आणि करडा-निळसर जुना बर्फ, त्यातील भेगा, खालचा दगडमातीचा बांध स्पष्ट होतो. हिमनदी खरोखर केवढी आहे, हे वर्षातून याच काही दिवसांत समजते. सिएरात जिवंत हिमनद्या आहेत हे जॉन म्युर यांनी १८७१ मध्ये सांगितले, तेव्हा तत्कालीन भूशास्त्रज्ञांना ते पटले नव्हते. पुढील वर्षी ऑगस्टमध्ये म्युर यांनी मॅक्ल्युअर हिमनदीवर खुंट्या रोवल्या. ४६ दिवसांनी पाहिले तेव्हा त्यांतील एक ४७ इंच पुढे सरकली होती. इस्रायल रसेल यांनी १८८३ मध्ये शेजारच्या लायल हिमनदीची छायाचित्रे घेतली, तर ग्रोव्ह गिल्बर्ट यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मॅक्ल्युअर, डार्विन आदी हिमनद्यांची.

या जुन्या चित्रांचे मोल शंभर वर्षांनी कळले. हसन बसाजिक या संशोधकाने जुन्या छायाचित्रकारांच्या जागा शोधून काढल्या आणि त्याच खडकांवरून, उन्हाळ्याच्या त्याच दिवसांत, पुन्हा चित्रे घेतली. डार्विन हिमनदीचे जुने चित्र ऑगस्ट १९०८ चे आहे आणि नवे ऑगस्ट २००४ चे. ऋतू जुळला नाही तर अशी तुलना फसवी ठरते. छायाचित्रे, नकाशे आणि मोजणी यांच्या आधारे चौदा हिमनद्यांचा अभ्यास झाला. १९०० ते २००४ या काळात त्यांचे क्षेत्रफळ ३१ ते ७८ टक्क्यांनी, सरासरी ५५ टक्क्यांनी घटल्याचे त्यातून निष्पन्न झाले. योसेमिटी उद्यानाने २०१३ मध्ये आणखी एक निष्कर्ष जाहीर केला. मॅक्ल्युअर हिमनदी म्युर यांच्या काळाप्रमाणेच दिवसाला सुमारे एक इंच सरकते, पण लायल हिमनदीची हालचाल थांबली आहे. जो सरकत नाही तो बर्फाचा साठा असतो; हिमनदी म्हणण्याची मूळ अट तो पूर्ण करीत नाही. सप्टेंबरमध्ये पाऊस नसताना तेथील ओढा ज्या पाण्यावर वाहतो, त्याचा एक भाग याच बर्फातून येतो.

अलीकडे या ऋतूवर दुसरे सावट आहे, ते धुराचे. ४ सप्टेंबर २०२० रोजी भडकलेल्या क्रीक वणव्यात सुमारे ३ लाख ८० हजार एकर क्षेत्र जळाले आणि मॅमथ पूल जलाशयाकाठी अडकलेल्या पर्यटकांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. त्याच हंगामात कॅसल वणव्याने हजारो महाकाय सिकोया वृक्षांचा बळी घेतला. त्या महिन्यात आणि पुन्हा २०२१ च्या ऑगस्टअखेरीस कॅलिफोर्नियातील राष्ट्रीय वने प्रवेशास बंद ठेवण्यात आली. धुरात दूरच्या रांगा पुसल्या जातात, सूर्य तांबड्या थाळीसारखा दिसतो. अशी चित्रे लक्षवेधी ठरतात खरी. पण जो स्वच्छ प्रकाश टिपायला माणसे तेथे जातात, तोच त्यांत नसतो.

सिलिकॉन व्हॅलीत स्थायिक झालेल्या मराठी मंडळींना टायोगा खिंड मोटारीने चार-पाच तासांवर आहे. समुद्रसपाटीवरून निघून त्याच दिवशी ३,०३० मीटरवर पोहोचल्यास डोकेदुखी आणि मळमळ संभवते. पहिली रात्र तेथेच विश्रांतीत घालवलेली बरी. संरक्षित प्रदेशात मुक्काम करायचा तर परवाना लागतो आणि त्यांची संख्या मर्यादित असते. अनेक ठिकाणी अन्न अस्वलांना उघडता न येणाऱ्या डब्यातच ठेवावे लागते. ड्रोनला राष्ट्रीय उद्यानांत २०१४ पासून बंदी आहे. सप्टेंबरमध्ये रात्री तापमान शून्याखाली जाते, त्यामुळे कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या झोपताना अंगाशी ठेवाव्यात. टायोगाचा रस्ता पहिल्या मोठ्या हिमवृष्टीबरोबर, बहुधा नोव्हेंबरच्या सुमारास, बंद होतो आणि पुन्हा उघडतो तो मेअखेरीस किंवा त्याहूनही उशिरा.