इटालियन मित्र ‘लांडग्याच्या तोंडात’ म्हणाला, तर रागवू नका!

घरातून निघताना आपण ‘जातो’ नाही, ‘येतो’ म्हणतो. हे जसंच्या तसं इंग्रजीत नेलं तर होतं ‘आय अ‍ॅम कमिंग’. म्हणजे निघालेला माणूस ‘येतोय’ असं सांगतोय! इटालियन बोलणं शब्दाला शब्द लावून इंग्रजीत नेलं की असाच घोळ होतो. ही चार उदाहरणं बघा.

इन बोक्का आल लूपो
शब्दशः अर्थ ‘लांडग्याच्या तोंडात’. पण ही चक्क शुभेच्छा आहे. परीक्षा, इंटरव्ह्यू किंवा नाटकाच्या प्रयोगाआधी इटालियन लोक हे म्हणतात. इंग्रजीत साधं ‘गुड लक’, आणि कलाकारासाठी ‘ब्रेक अ लेग’. यावर परंपरेनं ‘थँक यू’ म्हणत नाहीत. उत्तर असतं ‘क्रेपी’, म्हणजे ‘मरू दे तो लांडगा!’ लांडग्याची दया येणारे काहीजण हल्ली ‘विवा इल लूपो’, म्हणजे ‘लांडगा जगो’, असंही म्हणतात.

प्रेगो
मूळ क्रियापदाचा अर्थ प्रार्थना करणे, विनंती करणे. पण रोजच्या वापरात अर्थ प्रसंगावर ठरतो. ‘ग्रात्सिए’ म्हणजे धन्यवाद, त्यावर ‘प्रेगो’ आलं तर ‘यू आर वेलकम’. कुणी दार धरून ‘प्रेगो’ म्हणालं तर ‘आफ्टर यू’. दुकानदार म्हणाला तर ‘बोला, काय देऊ?’

आक्वा इन बोक्का
शब्दशः ‘तोंडात पाणी’. तोंडाला पाणी सुटण्याशी याचा काही संबंध नाही! अर्थ आहे, ही गोष्ट कुणाला सांगू नकोस. इंग्रजीत ‘मम्स द वर्ड’. आपल्याकडे मिठाची गुळणी धरतात, तिकडे पाण्याची.

मागारी
सगळ्यात जास्त गैरसमज इथे होतात. वाक्यात आलं तर बऱ्याचदा ‘कदाचित’. पण नुसतं ‘मागारी!’ म्हटलं तर अर्थ बदलतो. समजा, तुम्ही इटालियन मैत्रिणीला मेसेज केला, ‘भारतात येतेस का?’ तिचं उत्तर, ‘मागारी!’ त्याचा अर्थ ‘मेबी’ लावलात तर वाटेल, ही टाळतेय. खरं तर ती म्हणतेय, ‘जमलं तर अजून काय हवं!’ इंग्रजीत ‘आय विश!’ एका शब्दाच्या चुकीनं मनापासूनची इच्छा थंड नकार वाटू शकते.

मग करायचं काय?
ट्रान्सलेशन अ‍ॅपमध्ये सुटा शब्द टाकू नका. पूर्ण वाक्य आणि शक्य असेल तर त्याआधीचं वाक्यही टाका. तरी शंका वाटली तर बोलणाऱ्याला विचारा, ‘हे तुम्ही कधी म्हणता?’ ‘याचा अर्थ काय?’ यापेक्षा या प्रश्नाचं उत्तर जास्त उपयोगी पडतं.

इटालियनमध्येच एक म्हण आहे, ‘त्रादुत्तोरे, त्रादितोरे’. म्हणजे अनुवाद करणारा तो दगा देणारा. आता हिचीच गंमत बघा, मराठीत अर्थ आला, पण मूळ शब्दांचा खेळ तिकडेच राहिला!